गुरुवारी उघडायची पत्रं

तात्या रोज सकाळी चिंता निवडायला बसत, बायका तांदूळ निवडतात तसे. मांडीवर मूठभर चिंचोके घ्यायचे. डावीकडे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, उजवीकडे नारळाची करवंटी. एकेक चिंचोका उचलून मनातली एकेक काळजी आठवायची. ती आपल्या हातातली असेल तर चिंचोका करवंटीत, नसेल तर डब्यात.

त्यांची आणि आमची भिंत एकच होती. मी चुलीपुढे भाकरी थापत असायची आणि पलीकडून आवाज यायचा. डब्यात पडला की टण, करवंटीत पडला की टक. टण पुष्कळ आणि टक एखाददुसरं. डब्यातले चिंचोके ते दर गुरुवारी कालव्यात सोडून देत. करवंटीतला मात्र ते काम उरकल्याशिवाय बाहेर निघत नसे.

"गळकं कौल माझ्या हातातलं," ते सांगत. "पाऊस डब्यातला."

मी तेव्हा सतरा वर्षांची असेन. इंदापूरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन बारामतीला आले होते. माझं माणूस गुळाच्या पेठेत ढेपा उचलायला जाई. कालव्याच्या अलीकडे तात्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, त्यातली एक आम्ही भाड्यानं घेतली. त्यांचं नाव मी लिहीत नाही. सगळी आळी त्यांना तात्याच म्हणायची. कालव्यावर कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते, तरी खात्याचा खाकी कोट धोतरावर घालूनच हिंडत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकच मुलगी, माई. ती तिकडे वरकुट्याला दिलेली, जिथे कालव्याचं शेवटचं पाणी पोचतं.

त्यांना हे वेड कालव्याच्या साहेबामुळे लागलं. एकदा कालवा फुटला. तात्या बंगल्यावर धावत गेले, तर गोरा साहेब शांतपणे बूट बांधत बसलेला. तात्या रडकुंडीला आलेले. साहेबानं दुसरा बूट बांधला, माणसं कुठे उभी करायची ते सांगितलं आणि निघाला. "पाणी गेलं त्याचं त्यो एक अक्षर बोलला न्हाय," तात्या सांगत, "आन् भगदाड बुजवायचं एक काम सोडलं न्हाय." पुढे बदलीवर जाताना साहेबानं त्यांना एक लहानसं पुस्तक दिलं. फार जुन्या काळी रोमच्या राज्यात एक लंगडा गुलाम होता, त्याच्या शिकवणीचं. तात्या इंग्रजी अडखळत वाचत, पण ते पुस्तक त्यांनी इतक्यांदा वाचलं होतं की पानं पापडासारखी झाली होती.

समोरच्या घरातली कोंडाबाई भाजी विकायची. तिला तात्यांची थट्टा केल्याशिवाय पाटी उचलवत नसे.

"तात्या, त्यो तुमचा लंगडा कुठल्या गावचा म्हनायचा?"

"लई लांबचा. समुद्रापल्याडचा."

"बायकापोरं व्हती का त्याला?"

"न्हाय. एकटाच हुता."

"मग बराबर हाय," म्हणून कोंडाबाई पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली. तात्या किती तरी वेळ हसत होते.

महिन्यातून एक दिवस ते सगळं गेलं असं समजून राहत. भुईवर झोपायचं, शिळी भाकरी मिठाशी खायची, फाटकं नेसायचं. हे आधीच करून ठेवलं की पुढे काही गेलं तरी माणूस घाबरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यावर कोंडाबाई म्हणाली, "आमचा रोजच त्यो दिस असतो. आमाला कंचं पुस्तक वाचाय लागलं न्हाय."

त्यांचा एक चिनी मातीचा कप होता, निळ्या काठाचा. चहा पिण्याआधी ते त्याच्याशी बोलत. "आज न्हाय तर उद्या फुटणार हायेस, बरं का." आम्ही राहायला येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा मी त्यांची भांडी घासून देत होते आणि तो कप माझ्याच हातून फुटला. मी तशीच राखेच्या हातांनी रडत बसले. तात्या बाहेर आले, तुकडे बघितले आणि म्हणाले, "चला, सुटला बिचारा. रोज ऐकून ऐकून कंटाळला असंल." मग मला ओट्यावर बसवून त्यांनी पाच चिंचोके दिले. "तुझ्या काळज्या सांग. एकेक."

मी पहिल्यापासून बुजरी. घरात चार माणसं आली की मी चुलीकडे तोंड करून बसायची. पण त्या दिवशी हळूहळू सांगितलं. सासूबाई येणार आहेत. आळीतलं कुत्रं अंगावर येतं. पोटी अजून काही नाही. हे तिन्ही त्यांनी विचारून विचारून डब्यात टाकायला लावले. चौथा होता तो यांच्या सदऱ्याला बटण लावायचं राहिलंय, हा. त्यावर तात्या खूष झाले आणि तो करवंटीत पडला. पाचवा माझ्या हातात राहिला.

"हा कशाचा?"

"मला लोकांशी बोलाया येत न्हाय. भ्या वाटतं."

मी तो डब्याकडे नेला. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि करवंटीत टाकला. टक.

"बोलणं तुझ्या हातातलं. लोक काय म्हणतील ते डब्यातलं. हे दोन निरनिराळे चिंचोके हायेत, पोरी."

मला ते पटलं, पण मी बोलू मात्र लागले नाही.

त्यांचा सगळ्यात विचित्र नेम पत्रांचा. आलेलं पत्र ते गुरुवारीच वाचत. गुरुवारी बारामतीचा बाजार असतो. बाजार करून यायचं, हातपाय धुवायचे, डबा कालव्यात रिकामा करायचा आणि मग कोनाड्यात कंदिलामागे ठेवलेली पत्रं काढायची. मधल्या दिवशी पत्राला हात नाही. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते दूर कालव्यावर असताना बायको आजारी असल्याचं पत्र आलं. ते बैलगाडी जुंपून दिवसभर पळवत आले, तर राखसुद्धा सावडून झाली होती. पत्रच सहा दिवस उशिरा पोचलं होतं. "मी पत्र फोडलं तवाच ती गेलेली हुती. पत्रात असतं ते घडून गेलेलं असतं. मग त्या बैलांच्या तोंडाला मी फेस कशाला आणला? त्यांचा काय गुन्हा?"

पोस्टमन यायचा त्या वेळी तात्या कालव्यावर असत. पत्रं घेऊन कोनाड्यात ठेवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "कोंडाबाईला दिलं तर आळीभर वाचून दावंल. तू बोलत न्हाईस, म्हणून तुझ्याकडं. वाचायचं न्हाय आन् सांगायचं न्हाय."

मी व्हय म्हटलं. पण मी वाचत होते. ते लिहून ठेवायला आज इतक्या वर्षांनीही लाज वाटते. मी चौथीपर्यंत शिकले होते आणि वाचायची हाव अंगात राहून गेली होती. घरात वाचायला एक चिटोरं नसायचं. वाण्याच्या पुडीचा कागदही मी चुलीत घालण्याआधी सरळ करून वाचायची. त्यात हाती उघडं कार्ड आलं तर डोळे कसे मिटणार? माईची कार्डं मी दोनदोनदा वाचायची. तिच्या शेळीला दोन पिल्लं झाली, कालव्याचं पाणी यंदा लवकर आलं, असलं काहीबाही असायचं.

दिवाळीला माई आली होती. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, हसरी, हातभर काकणं. तिला दिवस गेले होते. आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. भाऊबीजेच्या दिवशी ती माझ्याजवळ लसूण सोलत बसली आणि म्हणाली, "तात्यांना कागुद घालायचा म्हंजी लई हिशेब करावा लागतो, बाई. बुधवारी पोचंल आसा घालायचा. म्हंजी एकच रात कोनाड्यात निजतो." तिनं बापाच्या नेमाला कधी नावं ठेवली नाहीत. तो नेम धरूनच ती पत्रं लिहीत असे.

आणि तात्या? ते म्हणत, माईची काळजी मी कधीच डब्यात टाकली. पण संध्याकाळी कालव्याला पाणी असलं की काठावर बसून एक हात पाण्यात सोडत. कोणी विचारलं तर म्हणत, "हे वरकुट्याला चाललंय. परवा पोचंल." कोंडाबाई मला कोपरानं ढोसून म्हणायची, "चिंता न्हाय म्हनायची आन् पान्यात हात घालून बसायचं. बघ गं."

माघाचा महिना असेल. शुक्रवारी पोस्टमननं कार्ड दिलं. अक्षर माईचं नव्हतं, तिच्या नवऱ्याचं होतं. माईला मुलगी झाली. चार दिवस झाले, ताप उतरत नाही. सारखं तात्यांचं नाव घेते. पत्र पोचताच मोटारीनं निघून यावं.

इतकंच होतं. मी दारात उभी राहून ते वाचलं आणि कोनाड्यात कंदिलामागे ठेवलं.  आदल्याच दिवशी गुरुवार होऊन गेला होता.

संध्याकाळी तात्या आले. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय गं?"

"मीठ हाय का वाईच?"

त्यांनी मीठ दिलं. आमच्या घरी मिठाची बरणी भरलेली होती. शनिवारी मी पुन्हा गेले आणि पुन्हा मीठच मागितलं. "तुमच्यात लई मीठ लागतं," तात्या म्हणाले. मी हसले. अजून आठवतं, मी हसले होते.

रविवारी यांना सांगितलं. हे जेवता जेवता थांबले. "तू लोकांची पत्रं वाचतीस? त्यानं विश्वासानं ठेवाय दिली तर तू वाचतीस? त्याला कळलं तर बिऱ्हाड उचलाय लावंल. गप ऱ्हा." मी गप्प राहिले. यांचा दोष काढत नाही. यांनी गप्प राहा म्हटल्यावर मला बरंच वाटलं होतं.

सोमवारी तात्या कालव्यावर गेल्यावर मी कार्ड कंदिलापुढे आणून ठेवलं, अक्षरांची बाजू वर करून. आपोआप डोळ्यांपुढे आलं तर बरं, असं मनात. ते परत आले तेव्हा मी दाराच्या फटीतून पाहत होते. त्यांना कार्ड दिसलं. त्यांनी डोळे मिटले, चाचपडत ते उचललं आणि पालथं करून पुन्हा कंदिलामागे सरकवलं. मग मोठ्यानं म्हणाले, "वारं लई झालंय आज."

मंगळवारी सकाळी भिंतीपलीकडून नेहमीसारखं टण, टण, टण ऐकू आलं. त्यातला एखादा माईचाच असेल असं मला वाटलं. भाकरी करपली.

बुधवारी दुसरं कार्ड आलं. त्याचा कोपरा फाडलेला होता.

ते मी वाचलं नाही. वाचायला काही उरलं नव्हतं. मरणाचं पत्र कोपरा फाडून पाठवतात, आमच्याकडे ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. मी ते हातात धरून, डोक्यावरचा पदर आहे की नाही तेही न बघता, आळीतून कालव्यावर गेले. वाटेत कोंडाबाईनं हाक मारली. मी थांबले नाही. तात्या काठावर बसले होते, हात पाण्यात. मी कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फाटक्या कोपऱ्याकडे.

"आज बुधवार हाय," ते म्हणाले.

मी कार्ड धरूनच उभी होते. त्यांनी पाण्यातला हात काढला, कोटाला पुसला आणि कार्ड घेतलं. वाचून झाल्यावर म्हणाले, "ह्याच्या आधीचं हाय का काही?"

"हाय."

"कधीचं?"

"शुक्रवारचं."

"काय हाय त्यात?"

सांगायची वेळ होती तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, ते आता उघडलं. सगळं कार्ड मला पाठ होतं. मी ते शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. तात्यांनी अर्ध्यावर थांबवलं नाही. मोटारीनं निघून यावं, इथपर्यंत ऐकलं आणि उठून, घरीसुद्धा न येता, मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागले.

तेरावं करून ते परत आले. पाठ वाकली होती, पण कोटाची बटणं सगळी लावलेली. कोंडाबाई भाकरी-कालवण घेऊन आली, ताट ठेवलं आणि भिंतीशी बसली. तात्याच बोलले.

"कोंडाबाई, तू बराबर बोलली हुतीस. त्याला लेकरं नव्हती."

"जाऊ द्या, तात्या. आमी अडानी मानसं."

"न्हाय. पण त्याचंबी चुकलं न्हाय. त्यानं दोन ढीग करा म्हटलं, ते खरंच हाय. ताप डब्यातलाच हुता. मरणबी डब्यातलं. पण जाऊन तिच्या उशाला बसणं?" त्यांनी करवंटीकडे बोट केलं. "ते हितलं हुतं. मी चुकीच्या ढिगात टाकलं."

कोंडाबाई गेल्यावर त्यांनी मला उरलेलं सांगितलं. पत्रावर न थांबता जावई बोलवायला माणूस पाठवणार होता. माईनं थांबवलं. म्हणाली, "आज कुनी गेलं तरी तात्या तिथनं हलायचं न्हाईत. त्यांचा गुरुवार मोडू नका. गुरुवारी वाचतील आन् शुक्रवारी हितं येतील. मी शुक्रवारपतुर ऱ्हाते." सोमवारी दुपारी ती गेली.

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाले, "तुला मीच सांगितलं हुतं ना, सांगू नकोस म्हणून? तू कशाला रडतीस? हा तुझा चिंचोका न्हाय."

हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे मला तेव्हाही कळत होतं. बोलणं माझ्या हातातलं आहे, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते सांगायचं सोडून मी त्यांच्याकडून मीठ आणत होते.

त्यानंतर सकाळी भिंतीपलीकडून टण असा आवाज यायचा बंद झाला. एकच आवाज यायचा. टक. करवंटीत आता माईचा एकच चिंचोका होता; तो ते रोज बाहेर काढत, हातात धरत आणि परत टाकत. ते काम उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून तो बाहेर राहत नव्हता. संध्याकाळी ते कालव्यावर जातच राहिले, पण पाण्याकडे पाठ करून बसत. आणि पत्राचा नेम उलटा झाला. पोस्टमनची चाहूल लागली की ते मला हाक मारायचे, "पोरी, वाच." मी पिठाच्या हातानं बाहेर यायची आणि आळी ऐकत असताना मोठ्यानं वाचायची. वरकुट्याहून नातीची कार्डं येत. बसायला लागली. दात आला. माझा आवाज सुरुवातीला थरथरायचा, पुढे पुढे थरथरेना. आळीतल्या बायकाही मग आपली पत्रं माझ्याकडे आणू लागल्या.

दोन वर्षांनी तात्या अंथरुणाला लागले. शेवटच्या आठवड्यात माणसं ओळखेनासे झाले. त्या दिवशी दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. बाहेर ऊन होतं, कोंडाबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. तात्यांनी चमचा हातानं बाजूला केला.

"आज वार कोणता?"

सोमवार होता. कोंडाबाईनं सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधी मी बोलले.

"गुरुवार हाय, तात्या."

कोंडाबाईनं मान खाली घालून पुन्हा मेथी निवडायला घेतली.

"बाजार झाला?"

"झाला."

"मग कोनाड्यात बघ. काय आलं असलं तर वाच."

कंदिलामागे ते शुक्रवारचं कार्ड अजून होतं. दुसरं त्यांनी कालव्यात सोडलं होतं, हे टाकलं नव्हतं. मी ते काढलं, काठावरची धूळ पदरानं पुसली आणि आत्ताच पोस्टमननं दिल्यासारखं वाचलं. माईला मुलगी झाली. चार दिवस झाले, ताप उतरत नाही. सारखं तात्यांचं नाव घेते. पत्र पोचताच मोटारीनं निघून यावं.

तात्या उठायला लागले. अंगात जोर नव्हता, तरी कोपरावर रेटून अर्धे उठले.

"माझा कोट दे. मोटार लागली असंल."

मी खाकी कोट त्यांच्या अंगावर घातला, बटणं लावली आणि दारामागच्या वहाणा आणून खाटेपाशी मांडून ठेवल्या.